डिगूचा उशीर

तू फक्त ऐक. मधे काही विचारू नकोस, माझी लिंक तुटते.

सांगलीत कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम. मागची पोरं कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली. स्टेजवर ड्रम्सला मुक्ता मगदूम, इचलकरंजीची. तिसरं गाणं सुरू झालं, तिचा हात नुकता कुठे गरम झाला होता, आणि ड्रम्स गेले. म्हणजे ती वाजवतेय. काठ्या आपटतायत, झांजा हलतायत, सगळ्यांना दिसतंय. पण स्पीकरमधून नुसती गिटार. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं कशी दिसतात, तशी ती दिसत होती.

तिने साउंडवाल्याकडे बघितलं. त्याने दोन्ही हात वर केले. त्याच्या मिक्सरवर लाल पट्टी आली होती: 'हा हात श्री. दिगंबर खोत यांच्या नावे नोंदलेला आहे. परवानगी आढळली नाही.'

पोरं हसायला लागली. एकजण ओरडला, "कॉपी करतीया रे, कॉपी."

दिगंबर खोत म्हणजे डिगू. तुला माहितीये, पण तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. 'धोटा' बँडचा डिगू. मराठीत रॉक कोण ऐकणार, असं विचारणाऱ्यांची तोंडं ज्याने बंद केली तो. इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला. मागावर इकडून तिकडे पळतो तो धोटा, त्यावरूनच बँडचं नाव. चार अल्बम काढले. पहिल्या तिनांत तो नुसता हातोडा होता, सरळ, वेगवान, कान फाडणारा. आणि चौथा, 'आडवा धागा', त्याने वेड लावलं. त्यात दर दुसरा ठोका केसभर उशिरा पडतो. इतका थोडा, की उशीर म्हणून कळतच नाही. फक्त वाटतं, गाणं मागे रेललंय, आता पडणार, आणि कोणीतरी पडता पडता धरतं. लोक त्याला 'डिगूचा उशीर' म्हणायला लागले. पोरं बाकावर तोच वाजवायची. लग्नातल्या बँजो पार्ट्या तोच वाजवायच्या. आणि डिगूने काय केलं, तर तिथेच थांबला. शिखरावरून उतरलो, म्हणाला, परत स्टेजवर चढलाच नाही. पुढे तो गेला तेव्हा इचलकरंजीत चौकाला त्याचं नाव दिलं, मधोमध स्टीलच्या दोन मोठ्या काठ्या उभ्या केल्या.

आणि मुक्ता त्याची शिष्या. दहावीपासून त्याच्याकडे जायची. त्याला दादा म्हणायची, त्याच्या बायकोला वहिनी. त्या घरात तिची चप्पल कायम ठरलेल्या जागी.

आता ती लाल पट्टी काय भानगड, ते सांगतो. माणूस कधीच बरोब्बर तालात वाजवत नाही. कोणीच नाही, तबलेवालासुद्धा नाही. प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही हजाराव्या भागाने इकडे नाहीतर तिकडे पडतो. लोकांना वाटायचं, या चुका अशाच, कशाही होतात. तसं नसतं. आत्ताच्या चुकेला मागच्या चुका आठवत असतात. थोडं पुढे गेलास तर हात ते लगेच नाही भरून काढत, हळूहळू काढतो, आणि किती हळू ते तुझ्या मनगटावर, श्वासावर, तू पहिल्यांदा कुठे आणि कशाबरोबर वाजवायला शिकलास त्यावर ठरतं. लांबून चालताना माणूस नुसत्या चालीवरून ओळखतोस ना, तसं. मशीनला पाच मिनिटं ऐकव, ते सांगतं हा कोणाचा हात. त्याला 'हातखूण' म्हणतात.

कुठल्याही कलाकाराचा आवाज, हात, सगळं चोरून कॉम्प्युटर गाणी पाडायला लागले, तेव्हा वादकांनी मोर्चे काढले. मग कायदा झाला. ज्याचा हात त्याच्या नावे नोंद, माणूस गेला असेल तर ती घरच्यांनी करायची, परवानगीही त्यांचीच, आणि प्रत्येक मिक्सरमध्ये तपासणी. दुसऱ्याचा हात दिसला की आवाज बंद. गंमत म्हणजे त्या मोर्चात मुक्ता पहिल्या रांगेत होती. 'माझा हात माझाच' ही घोषणा तिचीच.

तर ती कोल्हापूरच्या नोंदणी कार्यालयात गेली. तिथे तपासनीस होती शमा मोमीन. मुक्ताच्याच वयाची, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धी खाल्लेली भडंग.

मुक्ता म्हणाली, "मी त्यांच्याकडेच शिकले हो. गुरूचा हात शिष्यात येणारच ना?"

"येतो," शमा म्हणाली. "पण शिष्य तीसचाळीस टक्के जुळतो, मॅडम. जास्तीत जास्त पन्नास. तुम्ही सत्त्याण्णव जुळताय."

"बघा, किती मन लावून शिकले."

शमा हसली नाही. तिने स्क्रीन फिरवून दाखवली. "आणि तुम्ही फक्त चौथ्या अल्बमशी जुळताय. पहिल्या तिनांशी जवळजवळ नाहीच. खरं सांगू का? पहिल्या तिनांशी तो चौथासुद्धा जुळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनच्या मते ते दोन वेगवेगळे लोक आहेत."

मुक्ता भडकली. म्हणाली, "त्यांचा हात बदलला होता. मोठे कलाकार बदलतात. तुमच्या मशीनला काय कळतंय त्यातलं?"

बघ तू, ती त्याच्या बाजूने भांडत होती.

शमाने वाद घातला नाही. दोनच रस्ते आहेत म्हणाली. एक, चौथा अल्बम मुळात आपणच वाजवलाय असं सिद्ध करायचं. तो हात मुळात तुमच्याकडे कुठून आला, ते दाखवावं लागतं. दुसरा सोपा, बाही. कोपरापासून मनगटापर्यंत घालायची इलेक्ट्रोड लावलेली बाही असते. तू वाजवतोस, ती छोट्या माइकने ठोका ऐकून वेळ मोजते, आणि ठोका चुकायच्या आधी स्नायूला बारीक करंट देऊन हात जागेवर ओढते. काही आठवडे घातली की हात स्वतःहून सरळ पडायला लागतो. मग नवीन हात म्हणून नोंद करायची, कोणाचा आक्षेप नाही.

मुक्ताने बाही घेतली. डिगूदादांवर संशय घेण्यापेक्षा हात बदलू, असा तिचा विचार.

ती सराव कुठे करायची माहितीये? घरामागच्या शेडमध्ये. तिच्या बापाचे, आप्पांचे चार जुने यंत्रमाग होते, आणि लहानपणापासून ती कोपऱ्यातल्या मागाशेजारी बसून वाजवायची. तिथली पोरं ताल धरायला मेट्रोनोम वगैरे विकत घेत नाहीत रे. माग चालूच असतो दिवसभर, त्याच्यावरच वाजवायचं. मागाचा ठोका म्हणजे ताल, ह्यात शंका कोण घेणार.

तिने बाही चढवली, माग सुरू होता, वाजवायला लागली. आणि दर दुसऱ्या ठोक्याला हात खेचला जायला लागला. पहिला ठोका ठीक. दुसऱ्याला मुंगी चावल्यासारखं, आणि हात तिच्या मनाच्या आधी खाली. पहिला ठीक, दुसऱ्याला करंट. झोपेत कोणीतरी आपला हात धरून सही करून घेतंय, असं तिला वाटलं. थोड्या वेळाने ती कंटाळून थांबली, काठ्या मांडीवर ठेवल्या.

आणि बाही तशीच बीप करत राहिली.

तिचा हात हलत नव्हता. बाहीचा माइक मागाचा आवाज ऐकत होता, आणि दर दुसऱ्या ठोक्याला सांगत होता: उशीर. उशीर. उशीर.

मुक्ता उठून मागाजवळ गेली. हाक मारली, "आप्पा, हा कोपऱ्यातला माग लंगडतोय काय ओ?"

आप्पा दुसऱ्या मागावर तुटलेला धागा जोडत होते. वर न बघता म्हणाले, "आज कळलं व्हय तुला? खालच्या चाकाचा एक दात मोडलाय. वेल्डिंग करून बसवलाय. दोन ठोक्यांत चाक एकदा फिरतंय, मग दुसऱ्या ठोक्याला जरा अडकतंय. बदलायचं म्हणतोय मी, तू पाचवीत असल्यापास्नं."

ती तिथेच खाली बसली. कळतंय ना काय झालं? जगाने ज्याला डिगूचा उशीर म्हणून डोक्यावर घेतलं, ते तिच्या बापाच्या मागाचं लंगडणं होतं. डिगू त्या शेडमध्ये कधी वाजवायला बसलाच नव्हता. ते फक्त तिच्या हातात होतं. चूक आहे हे न कळता तिने ते तालाच्या जागी शिकून घेतलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. दादा सांगायचे, "मुक्ते, तुझा हात लंगडा आहे. स्टेजवर जायची घाई करू नको, लोक हसतील." मग 'आडवा धागा' यायच्या आधीचं ते वर्ष. दादांनी नवा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आणला होता. त्यात आवाज रेकॉर्ड होत नाही, ठोका कधी पडला आणि किती जोरात एवढंच साठतं, आवाज मागाहून हवा तो चढवता येतो. रोज तिला त्याच्यावर बसवायचे. कानात गिटार लावायचे. "वाजव, चुका काढतो तुझ्या." आणि ती वर्षभर चुका काढून घ्यायला वाजवत राहिली. अल्बम आला तेव्हा ऐकून रडली होती ती. दादांनी माझा दोष उचलून त्याचं सोनं केलं, असं वाटलं होतं तिला, आणि पुढे ती ते त्यांचं म्हणूनच वाजवत राहिली. त्यांच्या पाया पडली होती. आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवला होता.

ती सरळ वहिनींकडे गेली. शैलावहिनी दारातच गहू पाखडत बसल्या होत्या, सूप मांडीवर.

"ये की. पाय धू, चहा टाकते."

"वहिनी, 'आडवा धागा' कोणी वाजवला?"

वहिनींचा हात सुपात थांबला. एवढ्यावरच मुक्ताला कळलं.

"त्याचे हात कापायला लागले होते," वहिनी म्हणाल्या. "कंपवात. कुणाला सांगू दिलं नाही त्याने. भात कालवला तर ताटाबाहेर सांडायचा. डिगू खोताला घास भरवायची मी."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगून काय झालं असतं?"

"वहिनी, मी घरातली होते ना? मागितला असता तर दिला असता हात. नाव नको म्हणाले असते. तुम्ही मला लंगडी म्हणालात, आणि तेच विकलंत."

"मी न्हाई म्हणाले."

"कॉम्प्युटर कोण चालू करून द्यायचं? हात कापत होते ना त्यांचे?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मीच," त्या म्हणाल्या. "तू आत बसायचीस, मी बटण दाबायची. मग तुला चहा द्यायची. ऐक मुक्ते, शेवटी शेवटी तो हाच अल्बम ऐकत पडायचा. बोटं पांघरुणावर हलायची. शेवटी त्याला खरंच वाटायचं की तो त्यानेच वाजवलाय. त्या चौकातल्या काठ्या बघ. गाव बघ. आता मेलेल्या माणसाचं काढून घेणार तू?"

"आणि मला वाटत होतं, मी त्यांची नक्कल करतेय," मुक्ता म्हणाली. "भर स्टेजवर मला चोर ठरवलं, तेव्हा तो हात कोणाच्या नावे होता? नोंद कोणी केली होती?"

नोंद अर्थातच वहिनींनी केली होती. मुक्ता उठली, आणि पायात घालायची ती ठरलेल्या जागची चप्पल हातातच घेऊन निघाली. उन्हात अनवाणी.

दुसऱ्या दिवशी तिने शमा मोमीनला इचलकरंजीत बोलावलं. शमा शेडमध्ये शिरली आणि दारातच थांबून तिने खोल वास घेतला, तेलाचा आणि कापसाचा. "आमच्याकडेपण होते," म्हणाली. "अब्बांनी भंगारात दिले."

मुक्ताने तिला कोपऱ्यातला माग दाखवला. "मी वाजवत नाही. आधी ह्याला ऐकवा."

शमाने यंत्र मागासमोर धरलं. हातखूण ओळखणारं यंत्र बनवणाऱ्यांनी हा विचारच केला नव्हता ना, की समोर माणूसच नसेल. त्याला जे ऐकू येतं तो कोणाचातरी हात असतो, एवढंच त्याला माहिती. पाच मिनिटं झाली. स्क्रीनवर आलं: दिगंबर खोत, एकोणऐंशी टक्के. आणि खाली लाल पट्टी, परवानगी आढळली नाही.

शमाला हसू आवरेना. आप्पांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, "म्हंजे आता माग चालवायला शैलाला विचारायचं काय?"

एवढ्यात वहिनी आल्या. बोलावलं कोणी नव्हतं. शेडच्या दाराशी पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

शमा म्हणाली, "ताई, आता तुम्ही ह्या मागाबरोबर वाजवा. उशीर ह्याच्यातून तुमच्यात आला हे दिसलं, की झालं. पण एकदा पाठवलं की मागे घेता येत नाही. अल्बमवरचं त्यांचं नाव जाईल. सगळीकडून. नाहीतर मी लिहिते, आवाजामुळे चाचणी झाली नाही. मग तुम्ही बाही घाला, मोकळ्या व्हा."

मुक्ताने वहिनींकडे बघितलं. तिला त्यांचा चहा आठवला असणार. घास भरवणं पण आठवलं असणार. बाही बाकावर पडली होती, तिच्याकडेही बघितलं. मग ती ड्रम्सवर बसली. कोपऱ्यातला माग चालू, बाकीचे आप्पांनी बंद केले. आणि तिने वाजवलं, तसंच, लंगडत. पंख्याचा वेग कमी झाला, व्होल्टेज पडलं होतं. दाताला जास्त अडकायला लागलं, मागाचा उशीर वाढला. तिच्या हाताचाही वाढला, बरोबर तेवढाच, न ठरवता. शमा स्क्रीनवरच्या दोन रेषा बघत होती, एकमेकींवर पडलेल्या. वाजवणं संपेपर्यंत वहिनी थांबल्या. मग वळून गेल्या.

मुक्ता म्हणाली, "पाठवा."

झालं तिच्या मनासारखं. अल्बमवर नाव बदललं. महिनाभर लोकांनी तिला शिव्या घातल्या, मेलेल्या गुरूच्या टाळूवरचं लोणी खाल्लं म्हणाले, मग विसरले. मिक्सर आता तिचा आवाज बंद करत नाहीत. वहिनींचं दार मात्र तिने परत वाजवलं नाही. आणि 'आडवा धागा' ती ऐकत नाही. कुठे लागलाच तर उठून जाते, स्वतःचाच असून.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. परवा तिच्याकडे शिकायला एकजण आला. टेम्पो चालवतो, पोट सुटलेलं, वय पन्नासच्या आसपास, दंडावर डिगूचा चेहरा गोंदलेला. शेडमध्ये खाटेवर अवघडून बसला. त्याला सगळं माहीत होतं, पेपरात वाचलेलं, नाव कसं बदललं, कोणी वाजवलं, सगळं. तरी तो काय म्हणाला माहितीये? हात जोडून म्हणाला, "ताई, बायको गेली तेव्हा मी ह्याच्यावरच तगलोय. मला बाकी काही नको. मला तेवढा डिगूचा उशीर शिकवा."

आणि मागे कोपऱ्यातला माग चालूच होता, तसाच, दर दुसऱ्या ठोक्याला अडकत. आप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने काठ्या उचलल्या, त्याच्यापुढे धरल्या, आणि लगेच सोडल्या नाहीत. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या.

तू असतास तर काय केलं असतंस? नाव दुरुस्त करून काठ्या दिल्या असत्यास, की तशाच दिल्या असत्यास?